खाली गेलेले वर, वर आलेले बाहेर

२०१६-१७ची फुटबॉलची आय-लीग सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राचे तिच्यात दोन संघ होते, मुंबई एफसी आणि पुण्याचे डीएसके शिवाजीयन्स. लीग संपली आणि तिच्या पाठोपाठ हे दोन्ही क्लबही संपले. विजेतेपद कोणाला मिळालं? तर आदल्याच वर्षी ज्यांना लीगमधून खाली ढकललं होतं त्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीला. त्यांचा प्रशिक्षक कोण? तर मुंबई एफसीने नुकताच ज्यांना नारळ दिला होता ते खालिद जमील. मधल्या फळीत मुंबईचा जयेश राणे, बचावात मुंबई एफसीतूनच गेलेला आशुतोष मेहता, गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्याने मिळून त्या वर्षी मिझोरामला लीग जिंकून दिली, आणि एवढं पुण्यकर्म आपल्या हातून घडतंय याची दोघांनाही गंधवार्ता नव्हती.

हे शेवटचं वाक्य अर्थातच मराठी माणसाच्या मनःशांतीसाठी आहे. खरी मेहनत केली ती मिझो पोरांनी. लालराम चुलोव्हा, ब्रँडन व्हानलालरेमडिका, झोहमिंगलियाना राल्टे, विल्यम लालनुनफेला. टीव्हीवरचे कॉमेंटेटर ही नावं पूर्वार्धात एका तऱ्हेने घ्यायचे, उत्तरार्धात दुसऱ्या तऱ्हेने, आणि गोल झाला की घाबरून नुसतंच ‘ऐझॉल’ म्हणायचे. जोडीला सीरियाचा महमूद अल अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन, आयव्हरी कोस्टचा कामो बायी. पण जगात कुठेही कोणी काही जिंकलं की त्यात आपला माणूस हुडकायचा ही आपली जुनी रीत आहे, आणि ती मोडण्याइतका मी मोठा नाही.

आता हे ऐझॉलवाले खाली कसे गेले आणि वर कसे आले, ते सांगायला हवं. जरा सावकाश वाचा, कारण मलाही हे एका दमात कधी सांगता आलेलं नाही.

लीगचा नियम जगभर पोराटोरांनाही पाठ असतो. सगळे सगळ्यांशी दोनदा खेळणार, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता, तळाचा खालच्या लीगमध्ये. इंग्लंडात संघ खाली गेला की स्टँडमध्ये सत्तरीची माणसं मफलरात तोंड खुपसून रडतात. आपल्याकडे रडायची एवढी घाई करू नये. आधी फुटबॉल महासंघाची बैठक होऊ द्यावी.

२०१५-१६च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. नववे आले डीएसके शिवाजीयन्स, आठवे ऐझॉल. कोण खाली गेलं? आठवे! कारण डीएसके शिवाजीयन्स पैसे भरून थेट लीगमध्ये आले होते आणि अशा संघांना सुरुवातीची काही वर्षं पदावनती माफ होती. तळाचा राहिला, त्याच्या वरचा गेला. बरं, गेलेल्या ऐझॉलने गप्प बसावं की नाही? ते त्याच मे महिन्यात फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात जाऊन उभे राहिले. लीगमध्ये खेळण्याच्या लायकीचा नाही असं ठरवून ज्याला बाहेर काढलं तोच देशातल्या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेचा चषक उचलतो की काय, अशी वेळ आली होती. गुवाहाटीला मोहन बागानने त्यांना ५-० हरवून महासंघाची अब्रू वाचवली.

इथे गोवेकर मंडळी प्रवेश करतात, म्हणजे खरं तर बाहेर पडतात. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत ओळीने सात वर्षं देशाचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नव्हतं. डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर यांनी ते आपापसांत वाटून घेतलं होतं. २०१६मध्ये महासंघाने नवा आराखडा मांडला: यापुढे इंडियन सुपर लीग ही देशातली वरची लीग आणि आय-लीग तिच्या खालची. इतकी वर्षं वर राहिल्यावर एका सकाळी आपण न हरताच खाली गेलो आहोत, हे गोव्याला काही रुचलं नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. डेम्पो तर खालची लीग जिंकून नुकते परत वर आले होते. त्यांनी वर आल्याआल्या दरवाजातूनच मागे वळून घर गाठलं.

मग जे झालं ते रेल्वेच्या आरक्षणात आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चार्ट लागला, ऐझॉलचं तिकीट वेटिंगमध्येच राहिलं, ते बिचारे सामान उचलून घरी निघाले. तेवढ्यात गोव्याच्या तीन प्रवाशांनी ऐनवेळी तिकिटं रद्द केली आणि टीसीने प्लॅटफॉर्मवर हाका मारत ऐझॉलला डब्यात घेतलं. तत्कालमधून चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब हे दोन नवे प्रवासी आले. कागदपत्रं नीट नाहीत म्हणून काही वर्षांपूर्वी मधल्या स्टेशनावर ज्यांना उतरवलं होतं, ते चर्चिल ब्रदर्सही पुन्हा चढले. असे दहा जण जमले आणि ७ जानेवारी २०१७ला गाडी सुटली.

या गाडीच्या शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी नुकतीच धडधडत गेली होती. तीच ती इंडियन सुपर लीग. २०१४ साली सुरू झालेली. ऑक्टोबर ते डिसेंबर चालायची. आठ संघ, मालकांत सिनेनट आणि क्रिकेटपटू, सामन्याआधी फटाके, युरोपातून निवृत्तीच्या वाटेवर असताना दोन महिने भारत बघायला आलेले नामवंत, आणि पदावनती मुळातच नाही. तळाला आलेला संघ पुढल्या वर्षी त्याच खुर्चीत बसणार. पैसा, टीव्ही, जाहिराती सगळं तिकडे. आशियाई महासंघाच्या दप्तरात मात्र भारताची राष्ट्रीय लीग म्हणून नाव होतं ते आय-लीगचं. मान एकीला आणि मानधन दुसरीला, असा हा संसार. खेळाडू दोन्हीकडे बरेचसे तेच. जयेश राणे डिसेंबरपर्यंत चेन्नईयिनचा आणि जानेवारीत ऐझॉलचा. अल्बिनो गोम्स डिसेंबरपर्यंत मुंबई सिटीचा आणि जानेवारीत ऐझॉलचा. दिवाळीत ज्याला मिठी मारली त्याच्या नडगीवर संक्रांतीनंतर लाथ बसायची, आणि त्यात वैयक्तिक काही नसायचं.

मुंबई एफसीचं घरचं मैदान होतं कूपरेज. मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शेजारी बँडस्टँडची बाग, बागेत तेव्हा घोड्यावर बसलेली पोरं. याच मैदानावर वर्षानुवर्षं रोव्हर्स चषक खेळला गेला. ती जुनी गर्दी पाहिलेले लोक २०१७मध्येही यायचे. माझगाव, डोंगरी, वांद्रे, कुलाबा इथले ते साठी-पासष्टीचे गृहस्थ ठरावीक जागी बसायचे आणि समोर चाललेला सामना फारसा बघायचे नाहीत. ते ऑर्के मिल्स आणि मफतलाल या जुन्या संघांचे सामने बघत असायचे. मधूनच एखादा समोर नजर टाकायचा, च्यक् करायचा आणि परत १९८० सालात जायचा. गोलपोस्टच्या मागे पिवळ्या जर्सीतली मूठभर पोरं सबंध नव्वद मिनिटं ढोल बडवत असायची. त्यांच्या निष्ठेला माझा मनापासून नमस्कार आहे. बाकी स्टँडमध्ये माणसापेक्षा खुर्ची जास्त.

अशा एका सामन्याला मी आमच्या मामासासऱ्यांना घेऊन गेलो. ते कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. मुंबईला डोळे दाखवायला आले होते. डॉक्टरांनी थेंब घालून झाल्यावर काहीतरी लांबचं बघा म्हणून सांगितलं, म्हणून मी फुटबॉल सुचवला.

शिवाजी पेठेतल्या माणसाला फुटबॉलला न्यायचं म्हणजे काय, हे कोल्हापूरबाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. त्या गावात तालमीत जसे पैलवान तयार होतात तसे फुटबॉलचे संघही तालमींच्याच नावावर असतात. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, आणि मामांचं शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असेल तर दुपारी लग्नाचा मुहूर्त धरत नाहीत, असं मामा सांगतात. मी ते तपासून पाहिलेलं नाही, पण सामन्याला पोलीस बंदोबस्त लागतो हे खरं आहे.

मामा कूपरेजच्या फाटकातून आत शिरले, स्टँडकडे बघत उभे राहिले, आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

“जावईबापू, मॅच उद्या हाय व्हय?”

“नाही मामा, आजच. पंधरा मिनिटांत सुरू होईल.”

“मग मान्सं?”

“एवढीच असतात.”

मामा खाली बसले. सामना सुरू झाला. ढोलवाल्या पोरांकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं, मैदानातल्या कृत्रिम हिरवळीकडे संशयाने. मग फाटकापाशी उभ्या असलेल्या चार पोलिसांकडे बोट करून म्हणाले, “आमच्यात मॅचला पोलीस असत्यात ते पब्लिक आवरायला. हितं काय पब्लिक आनायला ठेवल्यात?”

मला मुंबईची बाजू राखणं भाग होतं. म्हटलं, “मामा, ही देशातली सगळ्यात वरची लीग आहे.”

“व्हय? मग खालच्या लीगला रेफ्री तरी येतोय का न्हाई?”

“तसं नाही हो...”

“आन् ते टीव्हीवर रनबीर कपूर असतंय ते?”

“ती वेगळी लीग.”

“ती खालची?”

“नाही, खालची नाही.”

“मग वरची?”

“ती... बाजूची आहे.”

मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी भाचीसाठी आलेल्या इतर स्थळांकडे पाहिलं असणार. मी घाईघाईने विषय बदलला. सांगितलं की पुण्याचाही एक संघ आहे, डीएसके शिवाजीयन्स. मामा एकदम सावरून बसले. “शिवाजी? आमचंच का ते?” म्हटलं, नाही, पुण्याचं. “मग आपल्याला काय करायचंय,” म्हणून त्यांनी शेंगदाण्याची पुडी उघडली.

पुण्याचे सामने बालेवाडीला व्हायचे. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. स्टेडियम इतकं प्रशस्त की ओळखीचं कोणी दिसलं तर उठून दोन्ही हात हलवावे लागायचे, आणि ओळखीचं सहसा दिसायचं नाही.

मध्यंतरात मामांनी विचारलं, या मुंबईवाल्यांचा कोच कोण? म्हटलं, होते ते चांगले होते, यंदा काढले. “का काढलं?” आता हे सांगायचं तर खालिद जमील म्हणजे काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं.

खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा आणि खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईतली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशा संघांतून ते मधल्या फळीत खेळले, दुखापतींनी लवकर थांबले आणि २००९मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. सात वर्षं राहिले. या सात वर्षांत मुंबई एफसी कधी विजेतेपदाच्या जवळपास फिरकली नाही आणि कधी खालीही गेली नाही. त्यांच्या संघाचा खेळ बघणं ही चैन नव्हती. दहा जण आपल्या गोलसमोर उभे, अकरावा पुढे एकटा, चेंडू आला की लांब भिरकावायचा आणि पुन्हा आपापल्या जागी. समोरचा संघ नव्वद मिनिटं डोकं आपटायचा आणि एक गुण घेऊन, तोंड कडू करून विमानतळावर जायचा. प्रेक्षक जांभया द्यायचे. पण मे महिन्यात गुणतालिका छापून यायची तेव्हा मुंबई तळाच्या वर असायची. मुंबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला या गोष्टीचं मोल कळायला हवं होतं: जागा टिकवणं हीच इथली मोठी कर्तबगारी. २०१६ला क्लबने त्यांना निरोप दिला.

मामा म्हणाले, “म्हंजे सात वर्सं बुडू दिली न्हाई म्हनून काढला?”

मी मान डोलावली. पुढे काय झालं ते तर कोणाला ठरवूनही इतकं नेमकं जमलं नसतं. खालिद गेल्यावर पहिल्याच मोसमात मुंबई एफसी दहापैकी दहावी. मधेच प्रशिक्षक बदलून पाहिला, उपयोग झाला नाही.

तिकडे खालिद ऐझॉलला पोचले. ऐझॉल एफसीचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयते. क्लबचा वर्षाचा खर्च दोनेक कोटींच्या घरात असल्याचं तेव्हा सगळीकडे छापून येत होतं. मोठ्या क्लबांत एवढ्यात दोन-तीन परदेशी खेळाडू आणि त्यांचे फ्लॅट यायचे. पण मिझोराममध्ये फुटबॉलला पैशापेक्षा जुनी गोष्ट आहे ती म्हणजे फुटबॉल. मूठभर लोकसंख्येच्या या राज्याने २०१४ला संतोष चषक जिंकलेला. डोंगराच्या धारेवर वसलेलं शहर, सपाट जागेचा दुष्काळ, आणि जिथे म्हणून चार पावलं सपाटी सापडली तिथे मैदान. अशा ठिकाणी खालिद यांना हाताशी धावरी पोरं मिळाली. मुंबईत ते ज्या संघाला मागे खेचून उभं करायचे, त्याच्या जागी आता पुढे पळणारे सापडले होते. पहिलाच सामना ईस्ट बंगालशी, त्यांच्या अंगणात, बरोबरीत सुटला. लोक म्हणाले, चला, नेहमीचंच. फेब्रुवारीत लोक म्हणाले, बरं खेळतायत हो. मार्चमध्ये लोक गुणतालिका उलटी तर छापली नाही ना, म्हणून बघायला लागले.

सगळ्यात मोठी गंमत एप्रिलमधली. प्रत्येकी सोळा सामने झाल्यावर मोहन बागान आणि ऐझॉल दोघांचे ३३ गुण, आणि २२ एप्रिलला दोघांची गाठ ऐझॉलमध्ये. मोहन बागान म्हणजे १८८९ सालचा क्लब. अनवाणी पायांनी गोऱ्या सोजिरांना हरवून १९११चा आयएफए शील्ड जिंकलेला. आणि ऐझॉल म्हणजे वेटिंगवरून आत आलेला. ८३व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टेने डोक्याने चेंडू आत घातला आणि ३६-३३ झालं. मी ताबडतोब कोल्हापूरला फोन लावला. मामांना गुणतालिका तोंडपाठ होती. मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, डोळ्यांचं काम झाल्यावर घरी गेलेल्या मामांनी ऐझॉलला दत्तक घेतलं होतं.

“त्यो रान्या काय खेळतोय वो! राने म्हंजे कुठलं, कनकवलीकडलं का?”

म्हटलं, मामा, मुंबईचा आहे.

“मुंबईला कोन जन्मापासनं असतंय? मूळ गाव इचारा.”

आता ऐझॉलला शेवटच्या सामन्यात फक्त बरोबरी पुरेशी होती. ३० एप्रिल, शिलाँग, समोर तिथलेच लाजोंग. ऐझॉलहून हजारोंनी लोक निघाले, सुमो आणि बस भरभरून, रात्रभर डोंगरातल्या वळणांवरून. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होतं, आणि तो सामना बागान जिंकणार हे जवळजवळ धरून चालायचं होतं.

नवव्या मिनिटाला लाजोंगने गोल केला. करणारा आसेर दिपांडा, कॅमेरूनचा, त्या मोसमातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. म्हणजे अपमान तरी दर्जेदार होता. त्यापुढचा जवळजवळ तासभर कसा गेला ते ऐझॉलच्या लोकांनी सांगावं. मी एवढंच सांगतो की चहा दोनदा गार झाला आणि बायकोने, “तुम्ही मिझोरामचे कधी झालात?” असं दोनदा विचारलं. ६७व्या मिनिटाला बदली म्हणून आलेला विल्यम लालनुनफेला गोल करून गेला. १-१.

आणि मग उरलेली तेवीस मिनिटं, वर भरपाईचा वेळ. नीट विचार करा. संघाला आता गोल करायचा नाही. जिंकायचं नाही. दिसायला सुंदर खेळायचं नाही. फक्त आहे ते राखायचं. आपल्या गोलसमोर उभं राहायचं, चेंडू आला की लांब भिरकावायचा आणि पुन्हा आपापल्या जागी. मुंबई एफसीमध्ये सात वर्षं ज्या विद्येला लोकांनी जांभया दिल्या, त्या विद्येची संपूर्ण परीक्षा त्या तेवीस मिनिटांत होती. आणि ती द्यायला बाकावर बसलेल्या माणसापेक्षा लायक भारतात दुसरा कोणी नव्हता. कूपरेजला ज्याला रटाळ म्हणायचे, शिलाँगमध्ये त्याला हृदय बंद पडायची वेळ म्हणतात. शिट्टी झाली. तिकडे बागान जिंकलं होतं, ३६. इकडे ऐझॉल ३७. ईशान्य भारतातला पहिलाच संघ देशाचा विजेता झाला.

मामांचा फोन माझ्याआधी आला. “झिरो-झिरोवाला कोच, आं! नाद खुळा!” म्हणाले. १-१ झालं होतं, पण मी दुरुस्ती केली नाही.

इथे एखाद्या साध्यासुध्या देशातली कथा संपते. आपल्याकडे निकाल लागल्यावर खरा मोसम सुरू होतो. विजेत्यांच्या अंगावरचा गुलाल निघण्याआधीच प्रश्न आला की पुढल्या वर्षी ऐझॉल वरच्या लीगमध्ये असणार की नाही. कारण आराखडा तोच होता: सुपर लीग वर, आय-लीग खाली. देशाचा विजेता, म्हणून खालच्या लीगमध्ये! आठवे येऊन बाहेर गेले, बाहेरून आत येऊन पहिले आले, आता पहिले आले म्हणून पुन्हा खाली. ऐझॉलने आमरण उपोषणाचा इशारा दिला. जगात कुठल्या विजेत्या संघाने चषक जिंकल्यावर जेवण सोडायची धमकी दिली असेल, तर मला कळवा. शेवटी क्वालालंपूरला आशियाई महासंघाच्या पुढ्यात बैठक झाली आणि तोडगा निघाला: तूर्तास दोन्ही लीग एकाच वेळी चालवा. मामांना मी कूपरेजवर ‘बाजूची लीग’ म्हणालो होतो. त्याला आता अधिकृत मान्यता मिळाली.

आय-लीगमधले बंगळुरू एफसी उडी मारून सुपर लीगमध्ये गेले. रॉयते पुढे मिझोरामचे क्रीडामंत्री झाले. खालिद ईस्ट बंगालला गेले, आणखी बरंच फिरले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

मुंबई एफसीला दुसऱ्या श्रेणीत जायचं होतं. ती गेलीच नाही. क्लब बंद झाला. खाली जाण्यासाठीसुद्धा क्लब शिल्लक असावा लागतो. शिवाजीयन्सनीही त्याच उन्हाळ्यात गाशा गुंडाळला. आपल्याकडे हे नवीन नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ला देशाचं विजेतेपद मुंबईत आणलं, २०१०ला क्लब बंद. पुणे एफसी २०१२-१३ला उपविजेते, २०१५ला बंद. भारत एफसी नावाचा क्लब पुण्यात एकच मोसम खेळला. त्याचं बारसं आणि तेरावं यांना बहुतेक तोच मांडव पुरला असेल. सुपर लीगमधल्या पुणे सिटीचा कारभार २०१९ला आटोपला, तिथली जागा घेऊन हैदराबाद एफसी उभी राहिली, आणि २०२२च्या मार्चमध्ये हैदराबाद विजेते झाले. आम्ही टाकून दिलेलं कोणीतरी उचलतं आणि चषक घेऊन येतं, असा हा महाराष्ट्राचा देशाला फुटबॉलमधला हातभार.

२०१७च्या त्या मोसमानंतर मामांनी एक सिद्धान्त मांडला. आय-लीगमध्ये पुढल्या वर्षी कोण जिंकणार हे ओळखायचं तर वरचे संघ बघायचे नाहीत. तळ बघायचा. मी हसलो. २०१६-१७ला मिनर्व्हा पंजाब नववे होते, तळाच्या जेमतेम वर. २०१७-१८चे विजेते: मिनर्व्हा पंजाब. मी हसणं थांबवलं. त्या वर्षी चेन्नई सिटी आठवे. २०१८-१९चे विजेते: चेन्नई सिटी. मामा फोनवर काही बोलले नाहीत, नुसते खाकरले. पुढे मोहन बागानने पाचव्या जागेवरून जिंकून सिद्धान्ताला खोडा घातला, पण ते जिंकून लगेच सुपर लीगमध्ये निघून गेले, तेव्हा मामांच्या मते ते मोजायचं नाही.

परवा कोल्हापूरला गेलो होतो. शाहू स्टेडियमवर मोसम ऐन रंगात. मी मामांना म्हटलं, तुमचा तळाचा सिद्धान्त इथे लावून पुढल्या वर्षीचा विजेता काढायचा का?

“खुळं का काय जावईबापू,” मामा म्हणाले. “हितं टीम खाली गेली तर खालीच जातीया.”